कबरीच्या पायाचा हंगाम

धान कापलं की बांधीचा वास बदलतो. बांधी म्हणजे धुऱ्यांनी, मातीच्या अरुंद बांधांनी, आखलेलं आमच्याकडचं धानाचं खाचर. कालपर्यंत तिथे पिकाचा वास असतो, थोडा दुधाळ, थोडा चिखलाचा. कापणी झाली की कापल्या काडीचा कोरडा वास येतो आणि नाकात ठाण मांडून बसतो. तुमसरहून सिहोऱ्याकडे जाताना मी गाडीच्या काचा मुद्दाम खाली करते. नवरा म्हणतो, धूळ येते. येऊ दे की. धूळ बाराही महिने मिळते, हा वास वर्षातून पंधरा-वीस दिवस.

यंदाही सडकेच्या अर्ध्या भागात धान वाळत पडलं आहे, कडेला दगड मांडले आहेत, आणि उरलेल्या अर्ध्या भागातून आम्ही सगळे एकमेकांना वाट देत चाललो आहोत. आता कापणीला यंत्रं आली. एक हार्वेस्टर सकाळी शिरतं आणि चहा होईपर्यंत अख्खी बांधी मोकळी करतं. पण लहान बांध्यांत, जिथे यंत्राला वळता येत नाही, तिथे अजून विळेच चालतात. कापलेल्या मुठी ओळीनं आडव्या पडतात, त्याला इकडे कडपा म्हणतात. दोन-चार दिवस ऊन खाऊन कडपा वाळला की त्याचे भारे बांधतात. भारा बांधणारा माणूस दिसला की माझी नजर आधी त्याच्या हातांवर जाते, मग डोळ्यांवर. ही खोड मला एका हंगामानं लावली. त्या हंगामात मी एका कुत्रीचा पाय जवळजवळ घालवला होता, आणि त्या पायावर एका म्हाताऱ्याचं शेतात जाणं अवलंबून होतं.

तेव्हा मी नोकरीत नवी होते. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, ढोरं अडकवायचा एक लोखंडी खोडा आणि कडुनिंबाखाली एक बाकडं. कागदोपत्री पशुवैद्यकीय दवाखाना, लोकांच्या तोंडी ढोरांचा दवाखाना, आणि मी ढोरडाक्टरीन. पहिल्या दिवशी वाईट वाटलं, आठवड्यात सवय झाली, आणि महिन्याभरानं कुणी ‘मॅडम’ म्हटलं तर कोण आलं म्हणून मीच मागे वळून पाहू लागले. जन्म माझा तुमसरचा, राईस मिलच्या मागच्या गल्लीतला. त्यामुळे धान मी पोत्यात पाहिलेलं आणि तांदूळ ताटात. मधलं सगळं माझ्या लेखी निसर्गशोभा होती. रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला, जाणाऱ्या मुलींनी तोंडाला पदर लावून हसावं असं माझं अज्ञान होतं, आणि त्या हसतही.

कापणीचे दिवस हे हाडं मोडण्याचे दिवस असतात, हे मला कुठल्या पुस्तकानं सांगितलं नव्हतं. ट्रॅक्टर-ट्राल्या दिवसभर भारे वाहतात. कुत्री सडकेवरच्या उबदार धानाशेजारी पाय ताणून निजतात. कापलेल्या बांधीत शेळ्या सुटतात, पिल्लं उड्या मारता मारता धुऱ्यातल्या उंदराच्या बिळात पाय घालतात. आपल्याला वाटतं सुगी म्हणजे आनंदीआनंद. दवाखान्याच्या बाकड्यावर मात्र त्या महिन्यात कुणाचा ना कुणाचा पाय लोंबकळत असायचा.

नागपूरला शिकताना मी हाडांचे नियम घोकले होते. मोडलेली टोकं समोरासमोर आणायची, हलू नयेत अशी धरायची; मोडलेल्या जागेच्या वरचा सांधा आणि खालचा सांधाही धरायचा, कारण सांधा हलला की हाड हलतंच. आणि हे सगळं करताना रक्त वाहतं ठेवायचं. एवढं झालं की डॉक्टरनं हातावर हात धरून बसायचं. ते बसणंच सगळ्यात कठीण, असं आमचे सर म्हणायचे, आणि वर्गात आम्ही त्यावर हसायचो. हाड डॉक्टर जोडत नाही, ते आपलं आपण जोडतं. आधी तिथे रक्त साकळतं, मग एक मऊ चिवट गाठ धरते, हळूहळू तिच्यात कॅल्शियम भरत जातं आणि एक दिवस ती दगडासारखी होते. शेळीचं पिल्लू तीन-चार आठवड्यांत हे उरकतं. मोठ्या कुत्र्याला सहा-आठ आठवडे लागतात. या सगळ्यात आपण फक्त राखणदार. मला ही गोष्ट तेव्हाही आवडायची आणि आजही आवडते.

एक्स-रे आमच्याकडे नव्हता. बोटांच्या टोकांनीच पाहायचं. मोडलेल्या जागेवर बोटं ठेवली की आत बारीक करकर लागते, भातातला खडा दाताखाली यावा तशी.

तर त्या हंगामात एका दुपारी दवाखान्यासमोर ऑटो थांबला. मागच्या सीटवर सत्तरीचे एक गृहस्थ होते, अंगात बंडी, डोक्याला दुपट्टा. मांडीवर गोणपाट, आणि गोणपाटात पांढऱ्यावर काळे ठिपके असलेली कुत्री. तिच्या गळ्यात एक घुंगरू होतं आणि ती थरथरत असल्यामुळे ते सारखं वाजत होतं. ऑटोवाल्यानं दोघांना उतरवून आत आणलं.

“ट्रालीखाली आली जी,” म्हातारे म्हणाले. त्यांचं नाव सुकराम, गाव तीन कोसांवरचं. “सडकेवर धान वारत घातला होता. थे तिथंच निजली होती. कबरी म्हनतो आमी तिले.”

“म्याडम, नीट करा हिले,” ऑटोवाला म्हणाला. “बाबाजीचं कबरीबिगर जमत नाही.” एवढं बोलून तो समोरच्या टपरीवर चहाला गेला.

मी त्या वाक्याचा अर्थ प्रेम असा घेतला. म्हाताऱ्या माणसांचा जनावरांवर जीव असतोच.

पुढच्या उजव्या पायाची कोपराखालची दोन्ही हाडं मोडली होती, पण कातडी फाटली नव्हती. हे नशीब. गुंगीचं इंजेक्शन देऊन मी टोकं जुळवली, कापूस भरपूर गुंडाळला. ताजी मोड होती, सूज अजून यायची होती, म्हणून प्लास्टर लगेच घालायचं नव्हतं. बाजारातल्या बुरडाकडून आणलेल्या बांबूच्या चार कमच्या माझ्याकडे होत्या. त्या लावण्याआधी सुकराम बुवांनी हात पुढे केला, एकेक कमची घेतली, कडेवरून अंगठा फिरवला आणि एक परत दिली.

“हिले कुसर आहे जी. टोचंन तिले.”

खरंच होतं. मला न दिसलेलं एक बारीक कुसळ त्यांच्या अंगठ्याला सापडलं होतं. मी मनात म्हटलं, काय नजर आहे म्हाताऱ्याची!

मग मी सूचना दिल्या. नव्या डॉक्टरला सूचना द्यायला फार आवडतं. म्हटलं, “बाबाजी, चार-पाच दिवसांनी मी पक्कं प्लास्टर करीन. तोवर ही पट्टी ढिली होऊ देऊ नका. खाली दोन बोटं मुद्दाम उघडी ठेवली आहेत, त्यांच्याकडे रोज पाहायचं. सुजली, गार पडली, काळी-निळी दिसली तर लगेच यायचं. पाहाल ना?”

“हाव जी,” ते म्हणाले.

मी बोलत होते तोवर ते माझ्या तोंडाकडे पाहत नव्हते, माझ्या खांद्यापलीकडच्या भिंतीकडे पाहत होते. इकडची जुनी माणसं परक्या बाईकडे रोखून बघत नाहीत. ती रीत मला ठाऊक होती आणि त्यांची अदब मला फार आवडली. आज हे आठवलं की माझं मलाच हसू येतं.

आणि ते “हाव जी”! त्याबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्याकडे मोठ्या माणसाला, मास्तराला, डॉक्टरला काहीही सांगितलं तरी उत्तर “हाव जी” असंच येतं. तो होकार नसतो, मान दिलेला असतो. मला समजलं नाही असं तोंडावर म्हणणं म्हणजे समोरच्याला समजावता आलं नाही असं म्हणणं, आणि तेवढा उद्धटपणा आमच्या माणसांच्या अंगी नाही. मी याच मातीतली, हे मला कळायला हवं होतं. पण खुर्चीवर बसलं की माणूस उंटावरून शेळ्या हाकायला लागतो.

सुकराम बुवांना दिसत नव्हतं. दोन वर्षांपासून नजर जात जात आता उजेड आणि सावली एवढंच उरलं होतं. अख्ख्या गावाला माहीत होतं, ऑटोवाल्याला माहीत होतं, एक मलाच नव्हतं. तरी ते रोज शेतात जायचे. पुढे कबरी, तिच्या गळ्यातलं घुंगरू, आणि त्या आवाजामागे धुऱ्यावरून काठी टेकत सुकराम बुवा. धुरा दीड वीत रुंद, दोन्हीकडे पाणी नाहीतर चिखल. शेतात पोचले की भारे बांधायचे, बंध वळायचे, रोपांच्या जुड्या करायच्या, अशी हातांची सगळी कामं ते चोख करत. डोळ्यांनी साथ सोडली तरी हातांना काही विसरायला झालं नव्हतं. कबरीचा पाय गेला असता तर कुत्री म्हणून ती तीन पायांवर मजेत जगली असती, तशी खूप जगतात. पण त्या धुऱ्यावरून म्हाताऱ्याला नेणं तिला जमलं नसतं, आणि सुकराम बुवा घरच्या छपरीत बसून राहिले असते, कायमचे. पणाला लागलं होतं ते हे, आणि मी मात्र पट्टी किती सुबक बांधली यावर खूश होते.

चौथ्या दिवशी शेळ्यांना लस टोचायला मी त्यांच्याच गावी गेले. नऊ वाजून गेले होते तरी गवतावर दव होतं. गावात माणूस दिसत नव्हता, सगळे कापणीला गेलेले. म्हटलं, जाता जाता कबरीला पाहून घेऊ. सुकराम बुवा अंगणात तणसाचे, म्हणजे धानाच्या पेंढ्याचे, बंध वळत बसले होते. शेजारी पोत्यावर कबरी पडली होती. मी गेटातून आत आले तरी तिनं मान उचलली नाही.

“या जी, डाक्टरीनबाई,” माझ्या आवाजावरून ओळखून ते खुशीत म्हणाले. “पट्टी ढिली झाली होती. दवात भिजली, मंग सरकली. काल सकारी मी पक्की बांधलो. आता जागची हलत नाही.”

मी पाहिलं. माझ्या पट्टीवर जुन्या लुगड्याची चिंधी पीळ देऊन आवळली होती, आणि तिची टोकं भाऱ्याच्या बंधासारखी मुरड घालून आत खोचली होती. गाठ अशी सुरेख की बघत राहावी. खालची दोन बोटं मात्र बोरासारखी टरारली होती. हात लावला तर गार, निळसर झाक आलेली. कात्री काढली आणि चिंधी, पट्टी, कापूस, सगळं सरसर कापत सुटले.

“काहून कापून राहिल्या जी?” कात्रीचा आवाज ऐकून ते दचकले. “मी गुडघा देऊन बांधलो होतो!”

“तेच चुकलं ना बाबाजी! एवढं आवळतात का?”

“आवराच लागते,” ते मला समजावू लागले, लहान मुलीला समजवावं तसं. “कापलेला धान थोडासाक ओलाच राहते. उनीत वारला का बारीक होते, अन् बंध ढिला पडते. म्हनून भारा बांधाचा तं पयलेच जीव लावून आवराचा. तुमीच म्हनलं होतं, ढिली होऊ देऊ नोका.”

मी म्हटलंच होतं. त्यांच्या हिशेबानं बांधलेली वस्तू वाळते आणि आत जाते. साठ वर्षं त्यांच्या हातांनी हेच अनुभवलं होतं. मोडलेला पाय पहिले चार दिवस उलटा वागतो, तो फुगतो. बंध तेवढाच राहिला तर फुगणारा पाय स्वतःलाच आवळून घेतो आणि रक्ताची वाट बंद होते. धानाच्या शेतकऱ्याखेरीज ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती. आणि ती होऊ न देण्याचा पगार मला मिळत होता.

पण तेव्हा मला हे सुचलं नाही. मी ओरडले. “बोटं पाहायला सांगितलं होतं ना रोज? एवढी सुजली, दिसली नाहीत तुम्हाला?”

त्यांचे हात तणसावर थांबले. “नाही दिसली जी,” ते म्हणाले. “मले डोऱ्यानं दिसत नाही.”

मी तरी विचारलंच, “मग त्या दिवशी सांगितलं का नाही?”

“तुमी इचारलं नाही,” ते अगदी शांतपणे म्हणाले. त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. “कबरीचं सारं इचारलं. किती वर्साची, काय खाते, पिल्लं किती झाली. माह्यं कायले सांगू?”

आयुष्यात मला पुष्कळ लोक बोलले, वरिष्ठही बोलले. एवढी लाज मला पुन्हा कधी वाटली नाही.

रक्त आधी, हाड नंतर. पट्टी सैल ठेवावी लागली, म्हणजे हाड थोडं हलणार हे कळत असूनही. कापूस दुप्पट घातला, पाय पोत्याच्या घडीवर उंच ठेवला. तीन-चार दिवस वाट पाहायची. बोटांत ऊब परतली तर पाय वाचला, काळेपणा वर चढला तर कापायचा. आता पाहणार कोण? त्यांची बायको भागरता माय उजाडताच कापणीला जायची ती दिवस बुडताना परत यायची. मी म्हटलं, मी रोज सकाळी येईन, पण दिवसातून चार वेळा कुणीतरी बोटांची ऊब तपासायला हवी. त्यांनी हात पुढे केला, बोटं चाचपली आणि मान हलवली.

“हाताले गरम-थंड समजत नाही जी. चामडं जाड झालं. घट्टे पडले.” मग थोडं थांबून म्हणाले, “गालाले लावून पाहू का? धान वारला का नाही थे बी आमी हातानं नाही पाहत, दाताखाली दाना फोडून पाहतो.”

असे आम्ही दोघं शहाणे झालो. त्यांनी जमिनीवर बसून, वाकून, कबरीचा पंजा गालाला लावला. तिनं आधी कान पाडले, मग त्यांची दाढी चाटली. मी पट्टीखाली एक बोट सहज जाईल इतकी जागा कशी ठेवायची ते त्यांच्या बोटालाच शिकवलं. तोंडानं एक शब्दही सांगितला नाही.

ते चार दिवस मला सगळ्यात जास्त आठवतात. पहाटेचं धुकं बोडीवर, गावच्या लहान तळ्यावर, बसलेलं, बगळे एका पायावर उभे, दोन्हीकडे अर्ध्या कापलेल्या बांध्या. मी स्कुटीवर गार पडलेल्या हातांनी त्या गावी पोचायची, आणि अंगणातून आवाज यायचा, “आज एक गरम आहे जी, एक कोमट.” दुसऱ्या दिवशी, “कालच्याहून बरी आहे.” तिसऱ्या दिवशी काहीच आवाज आला नाही. मी धावतच आत गेले. दोनपैकी एका बोटाचं टोक काळं पडलं होतं, आणि त्याचा वास त्यांना माझ्याआधी आला होता.

भागरता माय त्या दिवशी कापणीला गेली नव्हती. कमरेवर हात ठेवून उभी होती. “याइले कायले सोपवलं जी तुमी?” ती मला म्हणाली. “मले बलावलं असतं तं मी दवाखान्यात आली असती का नाही?” मी मान खाली घातली. मग तीच चुलीकडे गेली आणि माझ्यासमोर नव्या धानाचे पोहे ठेवले, गूळ घालून. रागावून खायला घालणं ही आमच्याकडच्या बायांची पद्धत आहे, आणि ते खाल्ल्याशिवाय सुटका नसते. पोहे फार गोड होते, आणि मी ते शेवटच्या घासापर्यंत संपवले.

पण काळेपणा त्या एका बोटावरच थांबला. दुसरं बोट दिवसेंदिवस गरम होत गेलं. ते टोक पुढे गळून पडलं, पाय वाचला. मग मी प्लास्टर घातलं, जखमेसाठी खिडकी ठेवून. ओलं प्लास्टर सुकताना गरम होतं. सुकराम बुवांनी त्यावर हात ठेवला आणि चमकले, “हे तं तापून राहिलं जी!” तापतंच, म्हटलं, घाबरू नका. त्या थंडीत ती ऊब कबरीला आवडली असावी, कारण प्लास्टर घट्ट होईतो ती घोरायला लागली होती.

प्लास्टर पायावर असतानाच एका सकाळी मी त्यांना एसटीनं भंडाऱ्याला नेलं, डोळे दाखवायला. मला वाटत होतं मोतीबिंदू असेल, शस्त्रक्रियेनं जाईल, माझ्या अपराधाची थोडी भरपाई होईल. डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं आणि काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपायची. हाडाला जे जमतं ते डोळ्याच्या नसेला जमत नाही, हे मी पुस्तकात वाचलं होतं. तरी त्या बाकावर बसून ऐकताना वाटलं, देवानं ही वाटणी नीट केली नाही. परतीच्या वाटेवर वैनगंगेच्या पुलावर बस आली तेव्हा खिडकीतून गार वारा लागला आणि सुकराम बुवा बोलले.

“मंग आता कबरीचा पाय पक्का करा जी.”

मी म्हटलं, “हाव जी.”

भारे उचलले गेले, त्यांचे पुंजणे, म्हणजे उंच ढीग, रचले गेले, मळणीच्या कोंड्यानं सगळ्या गावाच्या अंगाला खाज सुटली. रिकाम्या बांधीत आधीच पेरून टाकलेली लाखोळी, इकडचं डाळीचं पीक, वर आली. तिला निळी फुलं आली तेव्हा मी प्लास्टर कापलं. आतून निघालेला पाय काडीसारखा बारीक, केस चिकटलेले, वास असा की मलाही तोंड फिरवावंसं वाटलं. सुकराम बुवांनी मात्र तो दोन्ही हातांत घेतला आणि वरून खाली अंगठा फिरवला. मोडलेल्या जागी थांबले.

“इथं गाठ राहिली जी.”

मी सांगितलं की हाड मोडलं की शरीर तिथे गरजेपेक्षा जास्त हाड घालतं, आणि पुढे चालता-चालता, भार पडता-पडता, जास्तीचं आपोआप झिजवून टाकतं. त्यांना फार नवल वाटलं नाही.

“धुरा फुटला तं आमी बी असीच दुप्पट माती थापतो,” ते म्हणाले. “मंग पानीच उरलेली घेऊन जाते.”

परीक्षेत मी याच विषयावर चार पानं लिहिली होती.

पण हाड सरळ जुळलं नव्हतं. त्या सैल पट्टीच्या दिवसांत टोकं सरकली होती. पाय थोडा आखूड, थोडा वाकडा राहिला. कबरी लंगडायची. मी म्हटलं, जाईल हळूहळू. गेलं नाही. मला ते लंगडणं बघवेना, म्हणून मी काय केलं असेल? पुढचे सात-आठ महिने त्या गावाला जाताना दुसऱ्या वाटेनं जाऊ लागले. लस टोचायची, खाली मान घालून परत यायचं. कुणी विचारलं तर काम फार आहे म्हणायचं. भित्र्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तसं, पुढच्या कापणीला, जवळची वाट म्हणून मी ज्या धुऱ्याजवळ स्कुटी थांबवली, त्याच धुऱ्यावर समोरून घुंगरू वाजलं.

पुढे कबरी, मागे सुकराम बुवा. आवाज देणं भाग होतं. त्यांनी लगेच ओळखलं, हसले, धुऱ्यावरच उकिडवे बसले. मी कबरीला जवळ घेतलं. दाबून पाहिलं, पाय दुमडून, ताणून, फिरवून पाहिलं. गाठ जवळजवळ झिजून गेली होती. मांस भरलं होतं. कुठेही दाबलं तरी तिनं हूं की चूं केलं नाही. उलट तिला गुदगुल्या झाल्या आणि ती माझ्याभोवती दोन चकरा धावली. आखूड असला तरी पाय भक्कम होता.

तरी मनात होतं ते बोलून टाकलं. “बाबाजी, माझं चुकलं. तुम्हाला एक शब्द विचारला असता तर हिचा पाय सरळ जुळला असता. एका बोटाचं टोकही गेलं.”

“असं नोका म्हनू जी,” ते म्हणाले. “चुकलं तं माह्यं बी. पन एक गोस्ट सांगू का? पयले थे गंज पुढं, लय दूर धावे. उंदीर दिसला का गेली. मी धुऱ्यावर तसाच उभा, थे वापस येतपर्यंत. दोनदा बांधीत पडलो, घरी सांगतलं नाही, नाही तं भागरतानं येऊच नसतं देल्लं. आता पाय असा झाला, तिच्यानं धावनं होत नाही. आता बराबर माह्या चालीनं चालते.” ते काठी टेकून उठले. “माह्यासाठी तं बरंच झालं.”

मी वाट सोडून बाजूला झाले.

“चाल व,” त्यांनी कबरीला म्हटलं.

ती निघाली. चार पावलं गेली आणि थांबली. मागे म्हाताऱ्याचा पाय धुऱ्याची कड चाचपत होता. पाय टेकला, काठी टेकली, तेव्हा ती पुन्हा निघाली. पुन्हा चार पावलं, पुन्हा थांबली, मान वळवून मागे पाहिलं. तिच्या पायात धावायची ताकद होती, हे मी आत्ताच हातानं तपासलं होतं. बांधीतून एक उंदीर तिच्या अगदी नाकासमोरून पळाला. तिनं कान टवकारले, अंग ताणलं, आणि जागेवरच उभी राहिली.